शेवटची सीट

“हा नको,” ठकीच्या आईने फोटो परत घेतला. “यात ती झोपलीय.”

आमदारबाईंनी नुसती मान हलवली. सोबत आलेल्या सहायकाने मोबाइल पुन्हा खिशात टाकला. आई फोटोंचा डबा मांडीवर घेऊन चाळत राहिली. टेबलावरचा चहा कोणी उचलला नव्हता.

अधिवेशनातल्या कामांची पुस्तिका छापायला जायची होती. पूल, दवाखान्यांतल्या जागा, पाण्याची टाकी. आणि एक अख्खं पान ठकीच्या कायद्याचं. शाळेच्या गाडीतून मुलं उतरली, की ड्रायव्हरशिवाय गाडीवर ठेवलेल्या माणसाने शेवटच्या सीटपर्यंत जाऊन बघायचं, मगच कुलूप लावायचं. ठकीच्या वेळी कोणी बघितलं नव्हतं. ती मागे झोपून गेली होती आणि गाडी दुपारभर उन्हात उभी होती.

“अधिवेशन एवढंसं,” सहायक सांगत होता, “त्यात निम्मा वेळ आरडाओरड्यात. बाईंनी जेवणखाण सोडून हे रेटलं. बाकीच्यांचं विचारूच नका. एक साहेब तर उभे राहिले, माझा माइक बंद आहे म्हणाले आणि बसले. तेवढंच त्यांचं भाषण.”

आईला हसू फुटलं. लगेच तिने चोरून स्वयंपाकघराकडे बघितलं. आत सासूबाई भांडी लावत होत्या.

“हा घ्या.” फोटोत ठकी दारात उभी होती. एक वेणी सुटलेली, समोरचा दात पडलेला, तरी तोंडभर हसू. “दात पडला त्या दिवशीचा. मला म्हणते, आई, आता मी म्हातारी झाले.”

आमदारबाईंनी फोटो घेतला. सहायकाने हात पुढे केला, पण त्यांनी फोटो दिला नाही.

“ताई, एक विचारू? म्हणजे आता आमच्या व्हॅनवाल्यांनाही गाडीवर माणूस ठेवावाच लागेल ना? धाकटा अजून तसल्याच गाडीनं जातो. करणार काय, दुसरी सोय कुठंय?”

सहायक पुस्तिकेची पानं उगाच जुळवायला लागला.

“मोठ्या बसना लागू झालाय,” आमदारबाई म्हणाल्या. “छोट्या व्हॅन वगळाव्या लागल्या. मालक अडून बसले. जास्तीचा माणूस परवडत नाही म्हणाले आणि त्यांच्या बाजूने बोलणारे खूप निघाले. शेवटचा दिवस होता. वगळलं नसतं, तर काहीच पदरात पडलं नसतं.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

“ठकीची छोटीच होती,” आई म्हणाली.

“माहीत आहे मला. म्हणून फोनवर नाही सांगितलं.”

“पुढच्या अधिवेशनात आपण दुरुस्ती—”

“तू गप्प बस रे जरा,” आमदारबाई सहायकाला म्हणाल्या.

सासूबाई हात पुसत दारात आल्या. “मग तिचं नाव कशाला लावता त्याला?”

आमदारबाईंनी फोटो टेबलावर ठेवला आणि आईपुढे सरकवला. “तुम्ही म्हणाल तर पान काढून टाकते. खरंच सांगते.”

आईने फोटोच्या कडेवरून बोट फिरवलं. मग तो पुन्हा त्यांच्याकडे सरकवला.

“असू दे. बसमधली पोरंही कोणाची तरी आहेतच की.”

बाहेर हॉर्न वाजला. आई उठली ती चपला न घालताच धावली.

आमदारबाई खिडकीशी गेल्या. फाटकापाशी व्हॅन उभी होती. धाकटा उतरला, मागोमाग शेजारची दोघं. दप्तरं सावरत ती घराकडे पळाली. ड्रायव्हरने दार बंद केलं नाही. सवयीने ते पुरतं उघडून तो बाजूला झाला, आणि आई वाकून आत शिरली.

“सगळी उतरली, वहिनी. मी बघितलंय.”

“हो दादा. एकच मिनिट हं.”

तिने एकेका सीटवर हात दाबला, प्रत्येकीच्या खाली वाकून बघितलं. शेवटच्या सीटच्या मागे डोकावली, तिथेही हात फिरवला. गाडी रिकामी होती.

मग तिने पुन्हा पहिल्या सीटपासून सुरुवात केली.