आईची शाल

गोऱ्या साहेबाच्या बाळाला पाजायला ती बंगल्यावर राहायला गेली, तेव्हा तिची स्वतःची लेक अजून अंगावर पीत होती. "तुम्हा काळ्या लोकांचा वास बाळाला लागता कामा नये," मडमबाईने बजावलं. दूध चालत होतं, वास चालत नव्हता! रोज विलायती साबणाने अंग घासल्याशिवाय पाळण्याला हात लावायची सोय नव्हती. लेकीला निदान आपला वास तरी राहावा, म्हणून तिने आपली शाल धाकट्या बहिणीकडे ठेवली. बहीण तीच पांघरून पोरीला कुशीत घ्यायची.

गोरं बाळ चुरूचुरू बोलायला लागलं, तेव्हा कुठे एका दिवसाची सुट्टी मिळाली. धावतपळत घरी आली, तर साबणाच्या वासाने लेक बुजली आणि दाराआड लपली.

"परकं माणूस दिसलं की असंच करते गं, ताई," बहीण बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

थोरलीने ती शाल डोक्यावरून घेतली आणि चुलीकडे तोंड करून बसली. जरा वेळाने चिमुकले हात मागून गळ्यात पडले. तिचा जीव सुपाएवढा झाला.

 

"मावशी," लेक कानात कुजबुजली, "ती बाई गेली का गं?"