शेवटचा कुनाफा

अम्मानमधल्या आमच्या कार्यक्रमात सहा स्पर्धक एका घरात कोंडले होते आणि कुणीच भांडत नव्हतं. निर्माते वजदीसाहेब मानसतज्ज्ञ डॉक्टर नझीहना म्हणाले, "आज भांडण नाही झालं, तर कार्यक्रम बंद आणि तुमची नोकरीही."

"दिवसभर उपाशी ठेवा आणि एकच घास पुढे करा," डॉक्टर म्हणाले. "माणसाचं जनावर होतं. शास्त्र आहे."

संध्याकाळी गोड कुनाफ्याचा एकच तुकडा आत पाठवला. लगेच खुर्च्या पडल्या, कॉलरी धरल्या गेल्या. मी कॅमेऱ्यामागून आवाज वाढवला.

"तूच खायचं. नाही खाल्लंस तर माझ्या बायकोला तलाक," वयस्क स्पर्धक अबू शाकिर आग्रहाची शपथ घालत ओरडत होते.

"मेलो तरी नाही खाणार, काका," धाकटा बस्साम म्हणाला. "तुम्ही तोंड उघडा."

डॉक्टरांचा चेहरा पडला. वजदीसाहेब मात्र खूश, भांडण ते भांडण. त्यांनी तोच तुकडा बाहेर मागवून डॉक्टरांपुढे धरला.

"घ्या, हा तुमचा मान."

"छे छे, आधी तुम्ही."

"नाही खाल्लात, तर माझ्याही बायकोला तलाक."

वजदीसाहेबांचा डबा घेऊन आलेल्या त्यांच्या बायको, आमच्या वहिनी, दारातच उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, खाऊ नका."