माथ्यावरची वही

"डावीकडून," नॅडीन म्हणाली आणि सुट्या दगडांच्या घसाऱ्यात न शिरता कातळाच्या कडेने वर चढली.

गार्थ थबकला. नेवाडाच्या वाळवंटातल्या या डोंगराला वाट नव्हती. वर्षाकाठी दोन-चार वेडे काय ते चढत. ही डावी कड शोधायला सहा वर्षांपूर्वी त्याला तासभर लागला होता.

"पहिल्यांदाच येतेयस ना?" त्याने विचारलं.

"ऑरिनने नकाशावर खुणा करून ठेवल्यात. का रे, बायकांना नकाशा कळत नाही?"

तो हसला, पण मनात पाल चुकचुकलीच.

ऑरिन म्हणजे तिचा नवरा, गार्थचा जिवलग दोस्त. त्याच चढाईत वरच्या खिंडीत त्याचा पाय मोडला. गार्थ तडक मदत आणायला धावला, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मदत पोचली तेव्हा पाणी संपून, उन्हाने ऑरिन गेलेला होता. मदत तासभर आधी आली असती तर तो वाचला असता, असं डॉक्टर म्हणाला.

गार्थ तडक धावला नव्हता. आधी तो माथ्यावर जाऊन आला होता. त्याच्या यादीतला तो शंभरावा डोंगर. दोन तासांनी काय बिघडतंय, असं वाटलं त्याला. आणि वर पोचणाऱ्यांनी नोंद करायची म्हणून माथ्यावर डब्यात ठेवलेल्या वहीत सही केल्याशिवाय राहवेना. नाव, तारीख, वेळ, सगळं लिहिलं गाढवाने.

नॅडीनच्या नजरेला पडण्याआधी ते पान फाडायचं होतं. म्हणून तर 'ऑरिनचा डोंगर बघायचाय' असं ती म्हणताच तो लगेच तयार झाला.

खिंडीत ती मटकन बसली. "गुडघे संपले बाबा माझे. तूच जाऊन ये."

"इथवर येऊन?"

"तुला काय, एकट्याने चढायची सवय आहे. सॅक ठेव इथेच, हलका चढशील. पाणी राखत बसते मी."

गार्थने तिच्याकडे निरखून पाहिलं. ती बुटातले खडे झाडत होती. हिला काही कळलं असतं, तर वहीपाशी मला एकट्याला सोडलं असतं का? आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

तासाभराने तो माथ्यावर पोचला. घशाला कोरड पडली होती. त्याने खाली पाहिलं. खिंडीत नॅडीन दिसेना, सॅकही दिसेनात. सावलीला सरकली असेल. बरंच झालं.

दगडांखालचा डबा काढून त्याने झाकण उघडलं. आतली वही नवी कोरी होती. पहिल्या पानावर तीन आठवड्यांपूर्वीची एकच नोंद होती:

"जुनी वही भरली होती, खाली घेऊन जातेय. नॅडीन."