अभ्यासाचा विषय

परदेशातल्या अभ्यासदौऱ्याला जायचं की नाही, यावर मुलीने आठवडाभर घोळ घातला. शेवटी कचरा वेगळा करण्याच्या शेडमध्ये राबणाऱ्या आईनेच निकाल लावला. "अगं, बाटल्या निवडायला मी आहे की. तू जग बघून ये."

मुलगी गेली. आई काय काम करते, हे तिने कॉलेजात कधीच कुणाला कळू दिलं नव्हतं.

तिथल्या विद्यापीठात पहिलंच व्याख्यान प्लास्टिकच्या पुनर्वापरावर होतं. प्राध्यापक बाईंनी पडद्यावर एक फोटो लावला. गेल्या वर्षी त्यांचे विद्यार्थी अभ्यासदौऱ्यावर तिच्याच शहरात येऊन गेले होते, तेव्हाचा. बाटल्यांच्या ढिगात उकिडवी बसलेली आई कॅमेऱ्याकडे बघून तोंडभर हसत होती.

"बाई गं, कसे राहत असतील हे लोक," शेजारची मैत्रीण कुजबुजली.

"यांचं नाव विचारायचं आमच्या मुलांकडून राहून गेलं," प्राध्यापक बाई म्हणाल्या. "हा फोटो त्यांना पाठवायचाय. तुमच्यापैकी कुणी ओळखतं का यांना?"



सगळ्यांच्या आधी तिनेच नकारार्थी मान हलवली.