चौथा ठोका

१९९८ साली बोईसरमध्ये टेक्नो संगीतावर नाचणारी तरुण मुले दर चौथ्या ठोक्याला उजवा हात झटक्यात छातीशी ओढून घेत. ही स्टेप मुंबईहून आलेल्या डीजेलाही ठाऊक नव्हती.

कारखान्याच्या स्नेहसंमेलनात मुलांच्या आग्रहाखातर इंजिनिअर खैरनारही नाचायला उतरले. त्यांचा हात दर वेळी उशिरा मागे येई. त्यांच्याच खात्यात पत्रा कापायच्या प्रेसवर काम करणारा जिवल्या पोट धरून हसला.

"सायेब, मशीनवर आसतात तर बोटां गेली आसती!"

"म्हणजे ही स्टेप तू काढलीस?"

"काढली कशाची? मशीनखालून हात मागं घ्यायची सवय हाय. गाणा वाजला का आपसूक येतो. पोरा बघून शिकली."

खैरनारांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिले. चौथा ठोका दर दोन सेकंदांनी पडत होता. प्रेसही तितक्याच वेळाने खाली येत असे. मुले 'वन्स मोअर' ओरडत होती. खैरनारांना जिवल्याकडे पाहवेना.

 

हात आत जाऊ न देणारी प्रेसची जाळी, कामाला उशीर होतो म्हणून, मार्चमध्ये त्यांनीच काढायला लावली होती.