फुटलेले मोमो

तापानंतर नऊ दिवस माझी बायको पंचफुला भिंतीकडे तोंड करून पडली होती. बोलत नव्हती, खात नव्हती. डॉक्टर म्हणाले, "आज पोटात काही गेलं नाही, तर उद्या नाकातून नळी घालावी लागेल."

तिला नंदनवन चौकातल्या गाडीवरचे मोमो फार आवडायचे. पण डॉक्टरांनी बाहेरचं खाणं बंद केलं होतं, म्हणून मीच घरी करायला बसलो. दिवाळीत ती मला करंज्यांना हात लावू देत नसे, कारण माझ्या करंज्या तेलात फुटायच्या. मोमोही वाफेवर एकूणएक फुटले. मैदा संपला होता. शेवटी सारण अन् फाटक्या पाऱ्या कढईत नूडल्ससोबत परतल्या आणि वाटी घेऊन तिच्याजवळ बसलो.

"नवीन प्रकार आहे वं, नातीनं फोनवर सांगितला. एक घास खाय, हात जोडतो तुले."

तिनं घास घेतला. बराच वेळ चावत राहिली. दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं, आणि नऊ दिवसांनी तिचा आवाज ऐकला.

 

"नातीचं नाव काहून पुढं करून राहिले जी? फुटले नं, करंज्यांवानी?"