दुधाची दाढ

चौदा वर्षांच्या आभानं शाळेचा वर्ग पेटवला होता. बाल न्याय मंडळानं तिचं बालपण कसं गेलं याचा पुरावा मागितला, म्हणून तिच्या आईनं, हेमलतानं, प्रयोगशाळेच्या टेबलावर एक डबी उघडली. आत आभाची दुधाची दाढ होती.

"बाकीचे दात कौलांवर फेकले, मॅडम. ही तेवढी राहिली."

डॉक्टर सबनीसांनी दाढेचा पातळ काप यंत्राखाली सरकवला. लहानपणी बसलेल्या प्रत्येक धक्क्याची रेघ दातात राहते, आणि ती कितव्या महिन्यातली हे यंत्र सांगतं. धक्का देणारा म्हणून अहवालात ज्या माणसाचं नाव जाई, त्याला त्या मुलाला पुन्हा भेटू देत नसत.

"तिच्या बापानं पट्ट्यानं मारलंय तिला," हेमलता म्हणाली. "सगळं दिसेल बघा."

दिसलं. बारीक रेघा पुष्कळ होत्या. पण त्यांच्यात एक जाड, काळी रेघ होती.

"चार वर्षं पाच महिन्यांची असताना फार मारलं का त्यानं?"

हेमलता बोटांवर महिने मोजू लागली आणि मध्येच थांबली.

"तेव्हा मी माहेरी पळाले होते. मला मार सोसवेना. तिला झोपेतच ठेवून गेले. अकरा दिवस."

सबनीसांनी अहवालाचा कागद पुढे ओढला. मग हळूच म्हणाल्या, "बापाचंच नाव लिहू ना?"

हेमलतानं ते ऐकलंच नाही.

"परत आले तर ती रडलीसुद्धा नाही, मॅडम. मला वाटलं, पोर शहाणी झाली."